पिशवी ठेवायची की काढायची?

(दृश्य : पुणे. कर्वे रस्त्यालगतचं स्कॅन सेंटर. बाकड्यांवर फायली घेऊन बसलेल्या बायका.)

निवेदन :

कॅन्सरचं नाव निघालं की "पिशवी काढून टाका" हे वाक्य घरात आधी उच्चारलं जातं, डॉक्टरांकडे नंतर. इथं भोरहून, दौंडहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या कित्येकींनी ते ऐकलेलं असतं. पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकर सापडला, तर काही जणींची पिशवी राखता येते. गाठीसकट फक्त मुख काढायचं आणि वरची पिशवी खाली योनीमार्गाला जोडायची. या शस्त्रक्रियेला ट्रॅकेलेक्टमी म्हणतात. १९८७ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियों शहरात डॉ. डानिएल दार्जां यांनी ती पुढे आणली.

कुणाला ती करता येईल, हे ठरवण्यात एमआरआयचा वाटा मोठा.

(दृश्य : यंत्राचा बोगदा. टेक्निशियन सांगतो, "ताई, आवाज होईल, घाबरू नका. हलायचं मात्र नाही.")

यात क्ष-किरण नसतात. आतड्याच्या हालचालीनं चित्र पुसट होऊ नये म्हणून बऱ्याचदा आधी एक इंजेक्शन देतात. पडद्यावर मुखाची निरोगी भिंत काळ्या कड्यासारखी दिसते आणि गाठ त्यात करडी. कडं अखंड असेल, तर रोग बाजूच्या ऊतींत शिरल्याची शक्यता फार कमी. मग मोजमाप : गाठ साधारण २ सेंटिमीटरच्या आत हवी आणि मुखाच्या आतल्या तोंडापासून, म्हणजे मुख पिशवीला मिळतं तिथून, किमान १ सेंटिमीटर लांब. रोग पसरलाय का, हे पाहायला लसिकाग्रंथीही तपासायच्या.

एका सेंटिमीटरचा हा हिशेब करायचा, तर चित्राचे काप पातळ हवेत आणि मुखाच्या अक्षाशी जुळवून घेतलेले हवेत. म्हणून चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय पेल्व्हिस" (ओटीपोटाचा एमआरआय) लिहून भागत नाही. बाईला मूल हवंय, हे तिथं लिहिलेलं असावं; नाहीतर रिपोर्टात गाठीचा आकार येतो आणि आतल्या तोंडापासूनचं अंतर राहून जातं. बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणी, नुकतीच झाली असेल तर तेही लिहावं, कारण त्या जागेची सूज गाठीसारखी दिसू शकते.

पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये प्रश्न वेगळा. रोग अस्तरापुरताच आहे की स्नायूत उतरलाय? पेशी कमी आक्रमक असतील आणि स्नायू स्वच्छ असेल, तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी देऊन वाट पाहता येते. मात्र दर ३ ते ६ महिन्यांनी अस्तराचा तुकडा तपासावाच लागतो, आणि मूल झाल्यावर बहुधा पिशवी काढण्याचाच सल्ला मिळतो. हे शेवटचं कलम सुरुवातीलाच, सासूबाईंसमोर, स्पष्ट सांगितलेलं बरं.

ट्रॅकेलेक्टमी झालेल्या बाईला दिवस राहिले, तर ते जोखमीचं बाळंतपण. पिशवीच्या तोंडाशी टाका घातलेला असतो, दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची भीती असते आणि बाळ सिझेरियननंच काढावं लागतं.