कुऱ्हाडीने राखलेलं रान

[दृश्य : मे महिन्याची सुरुवात. पिवळ्या शेतांमधून जाणारा अरुंद डांबरी रस्ता. दूरवर झाडांची काळसर रेघ.]

इंग्लंडच्या पूर्वेकडचा हा सफोक परगणा. डोंगर औषधालाही नाही. नजर जाईल तिथवर शेतं, आणि या दिवसांत त्यांतली बरीचशी पिवळीधमक. मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक आहे ते. बरी सेंट एडमंड्स या जुन्या गावातून आग्नेयेला निघालं की दहा-बारा किलोमीटरवर या पिवळ्या पसाऱ्यात एक हिरवा तुकडा लागतो. ब्रॅडफील्ड वुड्स.

लंडनहून ट्रेनने बरीला पोचायला साधारण दोन तास लागतात. पुढे टॅक्सी करावी, बसच्या भरवशावर राहू नये. पायांत गमबूट हवेत. इथली जमीन चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी. हिवाळ्यातला चिखल वसंतातही पुरता वाळलेला नसतो.

[दृश्य : लाकडी फाटक. आत शिरणारी गवताळ गाडीवाट. पक्ष्यांचे आवाज.]

आत शिरलं की पहिल्यांदा जाणवते ती शांतता. ती निःशब्द अजिबात नाही. पाखरं कलकलत असतात, ओल्या पानांवरून थेंब पडत असतात. पण मोटारींचा आवाज मागे राहतो आणि दुपारीसुद्धा आपण आपोआप हळू बोलायला लागतो. वाटतं, माणसाचा हात न लागलेलं रान असंच असणार.

तसं मुळीच नाही. या रानात माणूस निदान १२५२ सालापासून झाडं तोडतो आहे. तेव्हापासूनची नोंद सापडते. तोड त्याच्याही आधीची असेल. आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या अडतीस वर्षं आधी इथे लाकूडतोडे कामाला होते, आणि आजही आहेत.

[दृश्य : जमिनीलगत कापलेला झाडाचा खुंट. कॅमेरा अगदी जवळ.]

हा खुंट बघा. हेझलचा आहे, कठीण टरफलाची फळं देणाऱ्या झुडपाचा. गेल्या हिवाळ्यात जमिनीपासून वीतभर उंचीवर कापलेला. काप तिरका आहे, म्हणजे पावसाचं पाणी वर न साचता निथळून जातं. सालीखालून, जिथे काल-परवापर्यंत काही नव्हतं, तिथे लालसर टोकांचे कोंब वर आले आहेत. दहा, बारा, पंधरा. अजून ते बोटभरसुद्धा नाहीत, पण सप्टेंबर येईतो माणसाच्या उंचीला लागतील. विलोच्या खुंटाचे धुमारे तर पहिल्याच मोसमात दहा-अकरा फुटांवर गेल्याच्या नोंदी आहेत. नव्या बीला हे कसं जमावं? खुंटाखाली मात्र मुळांचं जुनं जाळं शाबूत असतं. वरचं ओझं गेलं की त्यांनी साठवलेलं सगळं या कोंबांना मिळतं.

उसाचा खोडवा घेतात, तेच हे तंत्र. फरक एवढाच की ऊस दोन-तीन खोडव्यांत थकतो. हे खुंट शतकानुशतकं थकत नाहीत.

उलट तोडल्यामुळे त्यांचं आयुष्य वाढतं. ॲशचं झाड मोकळं वाढू दिलं तर दोनशे वर्षांत, फार तर थोडं पुढे, म्हातारं होऊन कोसळतं. तेच दर वीस-पंचवीस वर्षांनी जमिनीलगत कापत गेलं तर ते म्हातारं व्हायचंच विसरतं. दर तोडीबरोबर खुंट थोडा थोडा बाहेर पसरतो, मधला भाग कुजून पोकळ होतो, आणि शेवटी झाडाऐवजी झाडांचं एक कडं उरतं. ब्रॅडफील्डमधला ॲशचा एक खुंट साडेपाच मीटरच्या आसपास रुंद आहे. त्याचं वय हजार वर्षांच्या घरात असावं असा अंदाज आहे. बघताना मात्र तो हजार वर्षांचा वगैरे वाटत नाही. बारीक खोडांची गोलाकार गर्दी, एवढंच. फलक नसेल तर आपण त्याला ओलांडून पुढे जाऊ.

[दृश्य : बरी सेंट एडमंड्स. मठाचे भग्न दगडी खांब, भोवती बाग, खेळणारी मुलं.]

हे रान मुळात बरीच्या बेनेडिक्टाइन मठाचं. इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत मठांपैकी हा एक. शेकडो माणसांचा स्वयंपाक आणि हिवाळ्याची ऊब सरपणावर चालायची. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बरखास्त झाला, दगड गावकऱ्यांनी घरांना वापरले, आणि आता तिथे सार्वजनिक बाग आहे. मठ गेला, रान राहिलं. मालक बदलले तरी सरपणाची गरज बदलली नव्हती.

आणि नुसतं सरपणच नव्हे. हेझलच्या कामट्यांच्या मेंढ्या कोंडायच्या ताट्या व्हायच्या. गवताने शाकारलेल्या छपरांत गवत धरून ठेवायच्या खुंट्या हेझलच्याच. शेंगांचे वेल चढवायच्या काठ्या, वाटाण्याला टेकू द्यायची झिळपं, घरांच्या कुडाच्या भिंती, सगळं इथलंच. ॲश चिवट आणि सरळ, त्याचे दाताळ्यांचे दांडे. जवळच्या लिटल वेल्नेथममध्ये दाताळी बनवणारा कारखाना होता, आणि विसाव्या शतकातही तो या रानातून लाकूड घेत होता. मधूनमधून ओकची झाडं मात्र तोडीतून वगळून उंच वाढू द्यायची. घरांच्या तुळया त्यांच्यातून निघायच्या. इथून गाडीने थोडं पुढे लॅव्हनम नावाचं गाव आहे. तिथली वाकडीतिकडी, लाकडी सांगाड्याची पंधराव्या-सोळाव्या शतकातली घरं बघितली की या परगण्यात ओकला काय मोल होतं ते समजतं.

[दृश्य : रानाच्या कडेचा मातीचा जुना बांध, बाहेरच्या अंगाला चर. वर शेवाळ.]

मोल होतं, म्हणून राखण होती. रानाच्या कडेने हा बांध जातो. उंची आता कमरेएवढीही नाही, पण मध्ययुगात फावड्याने घातलेला आहे. चर बाहेरच्या बाजूला, बांध आतल्या. कारण गुरं बाहेरून येणार आणि कोवळे कोंब फस्त करणार. रान कुठे संपतं हे दाखवणारी हद्दही हीच.

केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम (१९३९-२०१५) यांनी असे बांध, खुंट आणि मठांची दप्तरं एकत्र वाचून इंग्लिश रानांचा इतिहास नव्याने मांडला. आपली समजूत अशी, की पूर्वी सगळीकडे घनदाट जंगल होतं आणि कुऱ्हाडीने ते संपवलं. रॅकहॅम यांच्या हिशेबाने १०८६ मध्ये, राजाने देशभरची मोजदाद केली तेव्हाच, इंग्लंडच्या जेमतेम १५ टक्के जमिनीवर रान होतं. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही हा शेतांचाच देश. आणि जी रानं उरली ती का उरली, तर कुणाला तरी त्यांचं लाकूड दर हिवाळ्याला हवं होतं म्हणून. झाड तोडलं की फुटतं. नांगर फिरला की मात्र रान कायमचं जातं.

मला हा विचार पटायला वेळ लागला. रान राखणं म्हणजे देवराई, जिथून वाळकी काटकीही उचलायची नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे देवाच्या माणसांनीच रान राखलं खरं, पण कोयता हातात घेऊन.

[दृश्य : शेत. मधोमध काही नाही. कुंपणाची एक वाकडी रेषा.]

या शेतात आज गहू आहे. १९६० च्या दशकापर्यंत इथेही रानच होतं. मंक्स पार्क, मठाचं हरणं राखायचं रान. दगडी कोळसा रेल्वेने गावोगाव पोचला तेव्हाच सरपणाचा भाव पडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर धान्य पिकवायला सरकारी अनुदान मिळू लागलं, बुलडोझर स्वस्त झाले, आणि सातशे वर्षं टिकलेल्या खुंटांना उखडायला काही दिवस पुरले. मंक्स पार्कचा मोठा भाग तसाच गेला. उरलेलंही जाणार होतं. स्थानिकांनी आवाज उठवला आणि १९७० मध्ये निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेने ते विकत घेतलं. आज सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट ते सांभाळतो, आणि पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर तोड चालू ठेवली.

[दृश्य : नुकताच तोडलेला पट्टा. उन्हात पिवळी-निळी फुलं.]

हा पट्टा दोन हिवाळ्यांपूर्वी तोडलेला. पहिल्या वर्षी असा पट्टा फार भकास दिसतो. पाहुणे हळहळतात, काही रागावतातही. पण सावली हटली की जमिनीत वर्षानुवर्षं निजलेलं बी जागं होतं आणि दुसऱ्या वसंतात हे असं होतं. फिकट पिवळ्या घोसाचं फूल आहे ते ऑक्सलिप. इंग्लंडमध्ये ते फक्त पूर्वेकडच्या या दोन-तीन परगण्यांच्या चिकणमातीत मिळतं. पांढऱ्या चांदणीसारखं दिसतं ते वुड ॲनिमोन. ढग आले की मिटतं. त्याचं बी क्वचितच रुजतं, मुळांनी सरकत सरकत ते शंभर वर्षांत दोनेक मीटर पुढे जातं. त्यामुळे ते जिथे दूरवर पसरलेलं दिसतं ते रान जुनं, असं डोळे झाकून म्हणावं. आणि निळं, अर्थात ब्लूबेल. इंग्रजांचं या फुलावर इतकं प्रेम, की ते रानातून कंदासकट उपटणं कायद्याने गुन्हा आहे.

पाच-सात वर्षांनी धुमारे दाट होतात, तेव्हा नाइटिंगेलला जागा मिळते. हा पक्षी एप्रिलमध्ये पश्चिम आफ्रिकेतून येतो, जमिनीलगतच्या गचपणात घरटं करतो आणि जूनच्या सुरुवातीला गाणं बंद करतो. १९६० च्या दशकापासून आजपर्यंत ब्रिटनमधले नव्वद टक्के नाइटिंगेल नाहीसे झाले. तोड थांबली, रानं उंच आणि पोकळ झाली, हे त्याचं एक मोठं कारण.

[दृश्य : तळहातावर हेझलचं एक टरफल.]

आणि हे टरफल. छिद्र बघा, गोल आणि आतून गुळगुळीत, जणू कुणी कानस फिरवलीय. कडेला बारीक तिरप्या दातांच्या खुणा. हे काम डॉरमाऊसचं. सोनेरी केसांचा, झुबकेदार शेपटीचा, जेमतेम वीस ग्रॅमचा प्राणी. उंदराने खाल्लेल्या फळाच्या छिद्राची कड आतून खरबरीत असते, त्यावरून ओळखायचं. प्रत्यक्षात तो दिसणं कठीण. वर्षातले सहा-सात महिने झोपतो, उरलेले रात्री जागतो, आणि जागेपणी जमिनीवर पाय टेकायचा कंटाळा. फांदीवरून फांदीवर जाता आलं पाहिजे. म्हणून सगळं रान एकदम तोडत नाहीत. एक पट्टा या वर्षी, दुसरा लांबचा पुढच्या, म्हणजे हरेक वयाची झाडी एकाच वेळी हजर असते.

[दृश्य : वाळक्या फांद्या रचून केलेलं उंच कुंपण. त्याच्या आत कोंब, बाहेर खुरटलेले खुंट.]

आता कुंपणाच्या बाहेरचा हा खुंट. कोंब आले होते, सगळे खुडलेले. हे काम भेकराचं. आपल्या सह्याद्रीत जे भेकर रात्री कुत्र्यासारखं भुंकतं, त्याचाच हा चिनी भाऊबंद. १९०० च्या आसपास बेडफोर्डच्या ड्यूकने हौसेने वोबर्नच्या आपल्या बागेत आणला, तिथून सुटला, आणि आता दक्षिण इंग्लंडभर आहे. त्याला खाणारं इथे कुणी नाही. लांडगे आणि लिंक्स नावाची मोठी रानमांजरं कित्येक शतकांपूर्वीच संपली. मध्ययुगातला बांध गाईगुरांसाठी पुरला, या बुटक्याला पुरत नाही. म्हणून तोडलेल्या पट्ट्याभोवती त्याच तोडीच्या फांद्या रचून गड उभारायचा. कष्टाचं काम आहे, आणि चार-पाच वर्षांत कुंपण कुजतं. तोवर कोंब भेकराच्या तोंडाबाहेर गेले म्हणजे मिळवली.

[दृश्य : ॲशची झाडं. शेंडे उघडे, निष्पर्ण.]

भेकराला कुंपण घालता येतं. याला नाही. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडलेली एक बुरशी, मूळची पूर्व आशियातली, ॲशच्या पानांतून शिरते आणि शेंडा वाळवत खाली येते. तिचे बीजाणू वाऱ्यावर येतात. देशातली बहुतेक ॲश यात जातील असं तज्ज्ञांना वाटतं, आणि ब्रॅडफील्डमध्ये मुख्य झाडांपैकी एक ॲशच. कोवळे फुटवे तर अधिकच नाजूक. तोडलं तर नव्या कोंबांना रोग, न तोडलं तर जुन्या शेंड्यांना.

इथे त्या सातशे वर्षांच्या युक्तीची दुसरी बाजू दिसते. खुंटातून फुटलेलं झाड म्हणजे तेच जुनं झाड. मठाच्या काळात जे होतं तेच आज आहे, त्याच्यात काडीचाही बदल झालेला नाही. नव्या रोगाला तोंड द्यायचं तर नवं बी हवं. २०२५ मध्ये क्यू इथल्या वनस्पती उद्यानाच्या आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सरे परगण्यातल्या एका रानातल्या ॲशच्या दोन पिढ्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. बुरशी येण्याआधी वाढलेल्या झाडांपेक्षा, ती आल्यानंतर बियांतून रुजलेली रोपं तिला थोडा जास्त प्रतिकार करतात. थोडाच. पण निवड सुरू झाली आहे.

[दृश्य : कुंपणाच्या आत, गवतात, चार पानांचं ॲशचं रोप.]

तेव्हा आता राखणदारांना खुंटांइतकंच या बियांच्या रोपांकडे बघावं लागणार आहे. शंभरातली बरीचशी मरतील, ती मरू द्यायची, कारण तगणारी कोणती हे आधी सांगता येत नाही. भेकराला मात्र ॲशची रोपं फार आवडतात, आणि रोपाला प्रतिकारशक्ती आहे की नाही याची चौकशी न करता ते खातं. ऑक्टोबरात पुढचा पट्टा तोडायला घेतील तेव्हा कुंपण आधीपेक्षा उंच घालावं लागेल.