वॉशिंग्टनचा ‘मिल्कशेक मॅन’ आणि जखमी सैनिकांचं शुक्रवारचं जेवण

नमस्कार मंडळी! युद्धात जखमी झालेल्या सैनिकाचं पुढे काय होतं, यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. बातमीत ‘इतके शहीद, इतके जखमी’ असं येतं, शहिदांची नावं येतात, आणि जखमींचा आकडा तिथेच राहतो. आज मी त्या आकड्यातल्या माणसांबद्दल बोलणार आहे. त्यांच्यासाठी डबा, मिल्कशेक किंवा जेवणाचं आमंत्रण घेऊन जाणाऱ्या माणसांबद्दलही. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण शेवटी आपण पुण्यात येणार आहोत.

साल 2003. मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला, आणि काही महिन्यांतच वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड आर्मी मेडिकल सेंटरमध्ये जखमींची रीघ लागली.

(स्क्रीनवर नकाशा: इराक, जर्मनी, वॉशिंग्टन)

हा प्रवास बघा. इराकमधून विमानाने जर्मनीत लांडश्टूलला, तिथल्या लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रिया, मग पुन्हा विमान, वॉशिंग्टनजवळचा अँड्र्यूज हवाई तळ आणि तिथून वॉल्टर रीड. हे सगळं थोड्या दिवसांत उरकायचं. म्हणजे गंभीर जखमी झालेला मुलगा इराकमध्ये शुद्ध हरपायचा आणि डोळे उघडायचा ते थेट अमेरिकेत, उशाशी आई बसलेली.

या युद्धात हातपाय गमावलेले इतके का होते, तेही समजून घेऊया. सैनिकांच्या अंगावर आता चांगलं चिलखत होतं. छाती आणि पोट वाचायचं. पण रस्त्याच्या कडेला पेरलेला बॉम्ब फुटला की हातपायांना आडोसा नव्हता. रक्तस्राव थांबवण्याची साधनं सुधारली होती, हेलिकॉप्टर लवकर पोहोचत होतं. आधीच्या युद्धांत जे जागीच दगावले असते, ते या वेळी जगले. इराक आणि अफगाणिस्तान या दोन युद्धांत मिळून दीड हजाराहून जास्त अमेरिकी सैनिकांनी हात किंवा पाय गमावला. बहुतेक जण विशी-पंचविशीतले. वॉल्टर रीडचा 57 नंबरचा वॉर्ड अशाच मुलांनी भरलेला असायचा.

या वॉर्डात एक गृहस्थ यायचे. जिम मेयर. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्यात नोकरी करणारे. हातात मॅकडोनल्ड्सचे मिल्कशेक. खोल्याखोल्यांत जायचे, शेक द्यायचे, गप्पा मारायचे. पोरांनी त्यांचं नावच ठेवलं, ‘मिल्कशेक मॅन’.

आता मिल्कशेकच का, हे मला फार विचार करण्यासारखं वाटतं. मोठी जखम भरून यायला शरीराला प्रथिनं आणि उष्मांक नेहमीपेक्षा खूप जास्त लागतात. आणि नेमकी त्याच वेळी भूक मेलेली असते. वेदनाशामक औषधांनी मळमळतं, पोट साफ होत नाही, तोंडाची चव जाते. एकामागून एक शस्त्रक्रिया, प्रत्येकीआधी उपाशी ठेवतात. त्यात समोर ट्रेमध्ये तेच ते पथ्याचं जेवण. अशा माणसाला थंडगार, गोड, चावावं न लागणारं काहीतरी मिळालं तर तो दोन घोट घेतो. आणि आणखी एक गोष्ट. मिल्कशेकला स्ट्रॉ असते. दोन्ही हात बँडेजमध्ये असले तरी कुणीतरी ग्लास नुसता धरला की पिता येतं. विसाव्या वर्षी आईच्या हातून चमच्याने भरवून घेण्यापेक्षा ते कितीतरी सुसह्य असणार.

पण मेयर यांच्याजवळ मिल्कशेकहून मोठं काहीतरी होतं. त्यांचे दोन्ही पाय कृत्रिम होते. 1969 मध्ये, व्हिएतनाममध्ये, सुरुंगावर पाय पडून त्यांनी आपले पाय गमावले होते. कल्पना करा, तुम्ही बावीस वर्षांचे आहात, पांघरूण जिथे अचानक सपाट होतं तिथे बघायचं धाडस होत नाहीये, आणि एक साठीकडे झुकलेला माणूस चालत आत येतो. पँट, बूट, हसरा चेहरा. थोड्या वेळाने कळतं की हा माणूस दोन कृत्रिम पायांवर चालतोय. नोकरी करतोय, गाडी चालवतोय, दुसऱ्यांसाठी शेक घेऊन फिरतोय. डॉक्टरांनी “तू चालशील” असं शंभरदा सांगितलं तरी जे पटत नाही, ते समोर चालत आलेल्या माणसाकडे बघून पटतं.

अमेरिकेत याला रीतसर व्यवस्थेचं रूप आहे. स्वतः अवयव गमावलेल्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन नव्या रुग्णांच्या भेटीला पाठवतात. काय बोलायचं यापेक्षा काय बोलायचं नाही, कधी गप्प बसायचं, कधी उठून निघायचं, हे त्यात शिकवावं लागतं. “मला माहितीये तुला कसं वाटतंय” हे वाक्य तिथेसुद्धा जपूनच वापरावं लागतं.

मेयर ज्या रेस्टॉरंटमध्ये नेहमी जायचे, त्याचं नाव फ्रॅन ओ’ब्रायन्स. कॅपिटल हिल्टन हॉटेलच्या तळघरातलं स्टेकहाउस, व्हाइट हाउसपासून जवळच. मालक दोघं, हॅल कोस्टर आणि मार्टी ओ’ब्रायन. कोस्टर स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले. मेयर आणि कोस्टर यांच्या बोलण्यातून ठरलं, की या पोरांना एकदा हॉस्पिटलबाहेर काढून मस्त जेवू घालूया. 2003 च्या ऑक्टोबरपासून दर शुक्रवारी संध्याकाळी हे जेवण सुरू झालं. स्टेक म्हणजे भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा, सोबत बिअर, आणि बिल नाही. पुढे देणगीदार आले, स्वयंसेवक आले, मोठमोठे अधिकारीही येऊन बसू लागले.

हॉस्पिटलमधून बाहेर पडणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहूया. कितीतरी जणांसाठी ही अवयव गेल्यानंतरची पहिली ‘बाहेरची’ संध्याकाळ असायची. रस्ता, ट्रॅफिक, गर्दी, वेटर, मेन्यूकार्ड. जळालेल्या चेहऱ्याने, रिकाम्या बाहीने माणसांत बसायचं. वॉर्डात सगळेच तसे असतात, म्हणून तिथे काही वाटत नाही. बाहेर पडलं की लोक टक लावून बघतात, किंवा त्याहून वाईट, घाईघाईने नजर वळवतात. इथे मात्र अख्खं टेबल आपल्यासारख्यांचं. शेजारच्या खुर्चीवर तीन महिने पुढे गेलेला दुसरा सैनिक. त्याला विचारता येतं, की सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, टोचतं का, झोप लागते का, बायको काय म्हणते.

आणि स्टेक कापायचा असतो. सुरी आणि काटा, दोन्ही हात लागतात. एकच हात असलेल्याने काय करायचं? शेजारचा कापून देतो. किंवा नवीन बसवलेल्या हाताच्या हुकात काटा धरायचा प्रयत्न होतो, तुकडा निसटतो, टेबल हसतं, तोही हसतो. फिजिओथेरपीच्या खोलीत हाच सराव चालू असतो, पण तिथे कुणी बिअर घेऊन हसत नसतं. सोबत आलेल्या आईवडिलांना, बायकोला त्या संध्याकाळी ‘पेशंटचे नातेवाईक’ या भूमिकेतून सुट्टी मिळायची. महिनोन्‌महिने परक्या शहरात, हॉस्पिटलच्या खुर्चीवर काढणाऱ्या माणसांना कुणी प्रेमाने “बसा, जेवा” म्हणणं, हे लहान काम नाही हो.

2006 च्या एप्रिलअखेर फ्रॅन ओ’ब्रायन्स बंद झालं, जागेचा करार पुढे वाढला नाही. जेवण मात्र बंद झालं नाही. कोस्टर यांनी ते अलीथिया फाउंडेशन या संस्थेमार्फत चालू ठेवलं, दुसऱ्या जागी.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला पटत नाही. फेब्रुवारी 2007 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने वॉल्टर रीडबद्दल लेखमाला छापली. बेडवरून उठलेले, पण उपचार चालू असलेले सैनिक जिथे राहत होते, त्या बिल्डिंग 18 मध्ये भिंतींना बुरशी, खोल्यांत उंदीर, आणि कागदपत्रांच्या चक्रात महिनोन्‌महिने अडकलेली माणसं. देशभर संताप झाला. लष्करमंत्री फ्रान्सिस हार्वी यांना राजीनामा द्यावा लागला. या लेखमालेला पुढच्या वर्षी पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

म्हणजे ज्या काळात स्वयंसेवक मनापासून जेवू घालत होते, त्याच काळात सरकार आपलं काम नीट करत नव्हतं. स्वयंसेवकाने दिलेल्या ताटाचं कौतुक करताना पेन्शनची फाइल, स्वच्छ खोली आणि वेळेवर मिळणारा कृत्रिम पाय या गोष्टी सरकारच्याच माथी आहेत, हे आपण ठणकावून म्हणत राहिलं पाहिजे. भावनेच्या भरात हा हिशेब मिटवून टाकायचा नाही. पुढे 2011 मध्ये ते जुनं वॉल्टर रीड बंद झालं आणि बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात विलीन झालं.

(स्क्रीनवर: पुणे, खडकी)

आता घरी येऊया. कृत्रिम अवयव बनवणारं लष्कराचं केंद्र, आर्टिफिशियल लिंब सेंटर, पुण्यात आहे, 1944 पासून. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर निकामी झालेले जवान तिथे राहतात, काही जण वर्षानुवर्षं. तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे आहेत, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळणारे आहेत. आणि सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर तर आता सगळ्यांना माहीत आहेत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचारात पोहणं सुरू झालं, आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं.

तुम्हाला जावंसं वाटलं तर काय करायचं? थेट गेटवर डबा घेऊन उभे राहू नका. हा लष्करी भाग आहे. आधी केंद्राच्या कार्यालयाला पत्र लिहा, परवानगी घ्या, ओळखपत्रं तयार ठेवा. घरचं खायला न्यायचं असेल तर आधी सिस्टरना विचारा. कुणाला मधुमेह असतो, कुणाची उद्या शस्त्रक्रिया असते, मणक्याच्या रुग्णांना पोटाचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. तुमचा प्रेमाने केलेला बेसनाचा लाडू एखाद्याला दोन दिवस त्रास देऊ शकतो.

फोन खिशात ठेवा. व्हीलचेअरवरच्या माणसाशी उभ्याने, वरून खाली बघत बोलू नका, खुर्ची ओढून बसा. “कसं झालं हो?” हा प्रश्न स्वतःहून विचारू नका, त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. डोळ्यांत पाणी आणून “धन्य आहात” म्हणू नका, कारण मग तुमचं सांत्वन त्यालाच करावं लागतं. क्रिकेटवर बोला, त्याच्या गावच्या पावसाबद्दल विचारा, बुद्धिबळाचा पट घेऊन जा आणि मुद्दाम हरू नका.

राखीला, दिवाळीला लोक जातातच, आणि जावंच. पण पत्र लिहाल तेव्हा त्यात महिन्यातला एखादा ठरलेला साधा वार मागा, आणि झेपेल तितकंच कबूल करा. दर महिन्याला येणारा माणूस एकदा न सांगता आला नाही, तर तिथे त्याची वाट बघणारं कुणीतरी असतं.