हार्टसाइडचा चहा

नमस्कार श्रोतेहो. कऱ्हाडहून एका काकूंचं पत्र आलंय. मुलगा इंग्लंडात नोकरीला, दोन महिने त्याच्याकडे राहायला चालल्यात. वय एकसष्ट, भाजी आणायला रोज सायकलवर जातात. विचारतात, तिथल्या खेड्यापाड्यांतून सायकलनं हिंडायचं तर कुठल्या वाटेनं जाऊ?

काकू, एकच वाट सांगतो, कारण मी केलीय तीच एक. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. तिकडं तिला ‘सी टू सी’ म्हणतात. पश्चिमेला व्हाइटहेवन नावाचं जुनं बंदर, तिथं आयरिश समुद्र. पूर्वेला संडरलंड, तिथं उत्तर समुद्र. मधलं इंग्लंड आडवं कापायचं. सुमारे १४० मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. निघताना मागचं चाक समुद्रात बुडवायचं, पोचलं की पुढचं चाक त्या समुद्रात बुडवायचं, असा रिवाज आहे. सस्ट्रान्स नावाच्या संस्थेनं १९९४ साली ही वाट आखली. बंद पडलेल्या रेल्वेलाइनी, गावांतले अरुंद रस्ते, शेताकडेच्या पायवाटा, जे मिळेल ते जोडत नेलंय. जागोजागी निळ्या पाट्या आहेत. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. मी चुकलो, ते सोडा.

पंक्चर काढणं, चेनला तेल, हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं. दोन गोष्टी मात्र कानात ठेवा. पहिली, जायचं पश्चिमेकडून पूर्वेकडे. पुन्हा सांगतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. तिकडचा वारा बहुतेक दिवस नैऋत्येकडून येतो, म्हणजे तो पाठीवर राहतो. बहुतेक दिवस. या दोन शब्दांकडे आपण येणारच आहोत.

दुसरी गोष्ट बाणांची. ऑर्डनन्स सर्व्हे, म्हणजे तिथलं सरकारी नकाशा खातं, त्याचा कागदी नकाशा घ्या. त्यावर रस्त्याच्या रेघेवर बारीक काळे बाण असतात. एक बाण म्हणजे सातात एक, सात मीटर पुढं गेलात की एक मीटर वर. दोन बाण म्हणजे पाचात एक किंवा त्याहून उभा. आणि बाणाचं टोक असतं उताराकडे. मला वाटलं होतं, बाण आहे म्हणजे इकडून जा. एक बाण, चढ. दोन बाण, उतरून ढकला. टोक उताराकडे. मोबाइल हँडलला बांधून त्याच्याकडे बघत सायकल चालवणारी माणसं मला आवडत नाहीत. रविवारी सकाळी आमच्या साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात या, अशी निम्मी पोरं दिसतील. शेजारून मोर गेला तरी पत्ता नाही. असो.

पहिला दिवस आम्ही केझिकपर्यंत गेलो. लोजवॉटरचं तळं, मग व्हिनलॅटरची खिंड. केझिक हे पेन्सिलीचं गाव. शेजारच्या बॉरोडेल खोऱ्यात ग्रॅफाइट निघालं आणि तिथून पेन्सिलीचा धंदा उभा राहिला. आपण अजून शिसपेन्सिल म्हणतो, आत शिसं कणभर नसतं. मास्तरांना हे शाळेत सांगितलं होतं तर छडी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी पेन्रिथ, मुक्काम.

आता तिसरा दिवस. हे ऐका.

सोबत माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, पंधरा वर्षं लीड्सला राहतोय. तो ही वाट पूर्वी एकदा गेला होता, त्यामुळं सगळं त्याला माहीत. सकाळी सायकलवर बसताना म्हणाला, “दाजी, आज हार्टसाइडची खिंड. चढ उभा नाही, पण लांब आहे. १,९०० फूट. पण वर कॅफे आहे. चहा असा मिळतो की बास!” आता तीन दिवस मी कपात पिशवी बुडवलेलं तांबूस पाणी पीत होतो. साताऱ्याचा माणूस. चहा उकळतात, भिजत घालत नाहीत. पण मेहुणा म्हणतोय म्हणजे काहीतरी असेल, म्हणून निघालो.

ईडन नदीचं खोरं म्हणजे स्वच्छ ऊन, मे महिना, हिरव्या कुरणांत पाठीवर निळ्या-तांबड्या रंगाचे शिक्के मारलेल्या मेंढ्या. समोर डोंगराची लांबलचक भिंत, आणि तिच्या माथ्यावर पांढऱ्या ढगाची लोड ठेवल्यासारखी वळकटी. मी म्हटलं, काय सुंदर आहे! फोटो काढला. तो फोटो बायको अजून पाहुण्यांना दाखवते, खाली आमची काय गत झाली त्यासकट.

चढाला लागलो आणि वारा सुटला. समोरून. ईशान्येकडून, थंडगार, छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखा. पॅडल मारतोय आणि सायकल जागच्या जागी. मी ओरडलो, “अरे, वारा पाठीवर असतो म्हणालास ना?” तो पुढं होता, त्याला ऐकूच गेलं नाही. वारा माझं बोलणं माझ्याच तोंडात परत कोंबत होता. शेवटी उतरलो, ढकलायला लागलो. तेवढ्यात कुरणाच्या फाटकाशी चारचाकी मोटरसायकलवर एक म्हातारा शेतकरी, मागं कुत्रा. आमच्याकडे बघून एवढंच म्हणाला, “हेल्म.”

काकू, हा हेल्म म्हणजे त्या वाऱ्याचं नाव. अख्ख्या ब्रिटनमध्ये नाव ठेवलेला वारा हा एकच. तिथला डोंगर आपल्या सह्याद्रीसारखा आहे. पश्चिमेला कडा, पूर्वेला हळूहळू उतरण. क्रॉस फेल हे त्यातलं सगळ्यांत उंच शिखर, ८९३ मीटर. ईशान्येचा वारा त्या मंद उतरणीवरून चढत येतो आणि पश्चिमेच्या कड्यावरून खाली कोसळतो. कोसळताना त्याला जोर येतो. माथ्यावरची ढगाची टोपी ही त्याची खूण. मी जिचा फोटो काढला, तीच. गॉर्डन मॅन्ली नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात जवळच्याच ग्रेट डन फेल डोंगरावर झोपडी बांधून या वाऱ्याचा अभ्यास केला होता. आम्ही अभ्यास न करताच त्यात शिरलो होतो.

तर म्हाताऱ्यानं विचारलं, कुठं? मेहुणा म्हणाला, वर, चहाला. म्हातारा आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “वर. चहाला. बरं.” आणि गेला. मी म्हटलं, किती अबोल माणसं ही!

दोन तास लागले. वर पोचलो तर आम्ही त्या ढगातच शिरलेलो. दहा पावलांवरचं दिसेना. मेहुणा म्हणाला, “हेच ते, दाजी. इथंच पार्किंग आहे. कॅफे डावीकडं.” डावीकडं गेलो. नाही. “मग उजवीकडं असेल.” उजवीकडं गेलो. नाही. श्रोतेहो, आम्ही दोन प्रौढ माणसं धुक्यात त्या पार्किंगच्या जागेला सायकली ढकलत दोन वेढे घातले. वडाला बायका घालतात तसे. कॅफे नाही. आख्खी इमारत एवढी कुठं जाईल?

तिसऱ्या वेढ्याला धुक्यातून गाडीचे दिवे आले. खालचाच म्हातारा. काच खाली करून म्हणाला, “जळलं ते. २०१८ साली, मार्चमध्ये.” आम्ही गेलो होतो २०१९ला! मेहुण्याचं तोंड असं झालं की मला थंडी विसरायला झाली. मी विचारलं, मग खालीच का नाही सांगितलं? म्हातारा म्हणाला, “तुम्ही विचारलं नाही.” आणि सीटमागून थर्मास काढला. आमच्यासाठी घेऊन आला होता हो!

दोन झाकणं ठेवली बॉनेटवर. ओतताना मोजलं, “यान… तान…” मी म्हटलं, हे काय? तर म्हणाला, आमचे आजे-पणजे मेंढ्या अशा मोजत. यान, तान, टेथेरा, मेथेरा, पिंप. इंग्रजी आकडे नव्हेत हे. इंग्रजीच्या आधी तिथं बोलत त्या भाषेचे, वेल्शच्या नात्यातले, असं म्हणतात. भाषा गेली, पण मेंढ्या मोजताना आकडे तेवढे उरले. मला एकदम गल्लीतली विटीदांडू आठवली. वकट, लेंड, मूंड, नाल! हे तरी कुठं मराठी? तेलुगूतले एक, दोन, तीन, चार. लहानपणी कोणाला ठाऊक होतं? मी त्या धुक्यात हातवारे करून त्याला विटी कशी उडवतात ते दाखवलं. तो कधी नव्हे ते हसला. चहा? बिनसाखरेचा, दुधाळ, कोमट. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या चहाला नावं ठेवायची बंद केली. कमी केली, असं म्हणू.

आमचे निर्मातासाहेब काचेपलीकडून घड्याळ दाखवताहेत, म्हणून उरलेलं भराभर सांगतो. पुढं नेंटहेड, शिशाच्या खाणींचं जुनं गाव, हे खरं शिसं. मग ब्लॅक हिल, ६०९ मीटर, या वाटेवरची सगळ्यांत उंच जागा. हार्टसाइड झालं म्हणजे संपलं असं समजू नका, काकू, तिथं बाण आहेत. मग रूकहोप. मग जुन्या रेल्वेच्या मार्गावरून कॉन्सेटपर्यंत मैलोन्‌मैल उतार. तिथं पोलादाचा मोठा कारखाना होता, १९८० साली बंद पडला. पाच दिवस धरा, घाई नको. तरुण पोरं तीन दिवसांत करतात. आणि दोन थर पांघरायला असू द्या, मे असला तरी. जायचं पश्चिमेकडून पूर्वेकडे, बाणाचं टोक उताराकडे, आणि डोंगरावर ढगाची वळकटी दिसली तर त्या दिवशी गावातच बसा.

पाचव्या दिवशी संडरलंडला पुढचं चाक पाण्यात घातलं. पाणी बर्फासारखं. मेहुणा चाकावरची वाळू झटकत म्हणाला, “दाजी, इथं मागच्याच गल्लीत एक टपरी आहे, तिथला चहा…”

मी म्हटलं, “आधी तू जाऊन बघून ये.”