अंगठ्याखालचं अधिकचं चिन्ह

नमस्कार, नाशिककर श्रोतेहो.

नवा गेम कन्सोल आला की आपण खोक्यावरचे आकडे वाचतो. ४के, १२० फ्रेम. ही झाली सुधारणा. खरा शोध हाताची सवय बदलतो. हाताची सवय, एवढं ध्यानात ठेवा.

गुनपेई योकोई १९६५ साली क्योटोच्या निन्टेन्डोत लागले. कंपनी तेव्हा पत्ते बनवायची आणि यांच्याकडे यंत्रांची देखभाल होती. पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये त्यांना एक गृहस्थ दिसले. वेळ जाईना म्हणून कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेले. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणाऱ्यांना हे चटकन कळेल! खिशात मावेल असा खेळ हवा, हे योकोईंनी ताडलं. कॅल्क्युलेटरचा एलसीडी पडदा एव्हाना स्वस्त झाला होता. तोच घेतला, बटण सेल घातले आणि १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आलं. १९८२ मध्ये त्यावर ‘डाँकी काँग’ हा खेळ आणायचा होता. मोठ्या मशीनवर त्याला दांडा होता. हे यंत्र तर डबीसारखं मिटायचं. उभा दांडा ठेवून झाकण लागणार कसं? तेव्हा योकोईंनी अधिकच्या चिन्हाचं चपटं बटण बसवलं. मधोमध टेकू. एक बाजू दाबली की समोरची उचलली जाते. खाली न बघता अंगठ्याला चारी दिशा कळतात. पडदा जुनाच, शोध अंगठ्याखाली! १९८३ च्या फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर, तेच बटण आलं. आपल्या घरोघरच्या कॅसेटवाल्या गेमचे रिमोट त्याचीच नक्कल.

जाता जाता सांगते, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडाच्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या खराब होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा.

स्वस्त नकलेत टेकू झिजतो, मग डावं-उजवं एकदम दाबलं जातं आणि गेम गोंधळतो. एखादी दिशा लागतच नसेल तर वायर काढून ठेवा, मागचे स्क्रू उघडा, रबर उचला. रबराखालचे काळे ठिपके आणि सर्किटवरच्या पट्ट्या त्याच अल्कोहोलने हलकेच पुसा. हलकेच, घासलंत तर कार्बनच निघून येतो. पूर्ण वाळल्यावरच बंद करा.

आताच्या कंट्रोलरच्या दांडीचं दुखणं वेगळं. आत कार्बनच्या पट्टीवर धातूचा काटा घासतो. पट्टी झिजली की हात न लावता पात्र चालू लागतं. हॉल सेन्सर दांडीला लावलेल्या चुंबकावरून तिची हालचाल ओळखतो, स्पर्शच नाही, म्हणून ही झीज नाही. १९९८ च्या ड्रीमकास्ट या सेगा कंपनीच्या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये तो होता, तरी इतकी वर्षं बहुतेकांनी तो टाळला, याचं मला फार वाईट वाटतं. मेन रोडला नवा कंट्रोलर घ्यायला गेलात, तर आधी एवढंच विचारा: दांडीत हॉल सेन्सर आहे का?