एफएसटॅबची ओळ लिहिताना: उद्या ही डिस्क नसली तर?

नमस्कार. आजचा विषय मुद्दामच छोटा घेतलाय. घरच्या लिनक्स संगणकाला दुसरी डिस्क जोडली, तिच्यावर पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र विभाग) केलं, आणि आता ते संगणक सुरू होताच आपोआप माउंट व्हायला हवं, म्हणजे एका फोल्डरात उघडायला हवं. यावर ठरलेलं उत्तर असं मिळतं की एफएसटॅबमध्ये एक ओळ टाका आणि रीस्टार्ट करा. डिस्क जागेवर असते तोवर ते उत्तर पुरतं. पण घरच्या संगणकात डिस्का येतात-जातात, केबल सैल होते, जुनी डिस्क एक दिवस बोलेनाशी होते. म्हणून माझा आग्रह असा, की ओळ लिहितानाच विचारायचं: उद्या ही डिस्क सापडली नाही, तर संगणक काय करेल?

एफएसटॅब ही ईटीसी फोल्डरमधली साधी मजकुराची फाइल, कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं ते सांगणारी. एका पार्टिशनला एक ओळ, आणि ओळीत सहा रकाने: पार्टिशनची ओळख, माउंट करायचा फोल्डर, फाइलसिस्टिमचा (फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीचा) प्रकार, पर्याय, आणि शेवटी दोन आकडे. हे शेवटचे दोन आधीच उरकून घेऊ. पाचवा आकडा डंप नावाच्या जुन्या बॅकअप प्रोग्रामसाठी आहे, तिथे शून्य लिहा. सहावा सुरुवातीच्या तपासणीचा क्रम सांगतो: रूटला (जिथे लिनक्स आहे त्या मुख्य पार्टिशनला) १, लिनक्सच्या ईएक्सटी४ प्रकारच्या इतर पार्टिशनांना २, विंडोजच्या एनटीएफएसला शून्य.

आता पहिला रकाना. तिथे एसडीबी१ असं नाव लिहायचा मोह होतो, कारण स्क्रीनवर तेच दिसत असतं. पण एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्का सापडतील त्या क्रमाने वाटतो. एखादी यूएसबी डिस्क लावून संगणक सुरू केला की कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. म्हणून यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळखक्रमांक, लिहायचा. टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके डॅश एफ' म्हटलं की प्रत्येक पार्टिशनसमोर तो दिसतो. ईएक्सटी४ चा यूयूआयडी ३६ अक्षरांचा असतो, एनटीएफएसचा १६ अक्षरांचा. तो हाताने टाइप करू नका, कॉपी करा. आणि लक्षात ठेवा, तो फाइलसिस्टिमबरोबर जन्माला येतो. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलं की नवा यूयूआयडी मिळतो आणि जुनी ओळ निकामी होते. उलट डिस्कची जशीच्या तशी नक्कल केली, तर दोन्हींचा यूयूआयडी एकच. अशा जुळ्या डिस्का एकाच वेळी जोडलेल्या ठेवू नयेत.

फोल्डर आधी तयार करावा लागतो. नावात जागा सोडू नका. सोडलीच, तर एफएसटॅबमध्ये त्या जागी बॅकस्लॅश ०४० लिहावं लागतं, कारण जागा आली की रकाना संपला असं ती फाइल समजते.

मालकीवरून बरेच जण अडतात. नवं ईएक्सटी४ पार्टिशन माउंट होतं, पण त्यात फाइल ठेवता येत नाही, कारण त्याची मालकी रूट या प्रशासक खात्याकडे असते. मग कुणी पर्यायांमध्ये यूआयडी=१००० (वापरकर्त्याचा क्रमांक) टाकतो आणि ओळच चालेनाशी होते. हा पर्याय एनटीएफएस आणि फॅटसाठी आहे. ईएक्सटी४ मालकी स्वतःच जपून ठेवतं, तेव्हा माउंट झाल्यावर सीएचओन कमांडने मालकी एकदा आपल्या नावावर करा, काम झालं. विंडोजबरोबर वाटून घेतलेलं एनटीएफएस पार्टिशन केवळ वाचता येत असेल, तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज शटडाउनला पूर्ण बंद होत नाही, पार्टिशन अर्धवट अवस्थेत सोडतं, आणि लिनक्स त्यात लिहायला नकार देतं. तो नकार योग्यच आहे, जबरदस्ती करू नका.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पर्यायांमध्ये नुसतं डिफॉल्ट्स लिहिलं, तर सिस्टिमडीच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) दृष्टीने ते पार्टिशन अत्यावश्यक ठरतं. डिस्क सापडली नाही की संगणक सुरू होताना साधारण ९० सेकंद वाट पाहतो, आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन काळ्या पडद्यावर रूटचा पासवर्ड मागतो. सिनेमे आणि फोटो ठेवायच्या डिस्कपायी अख्खा संगणक अडून बसतो. रूटचं खातं बंद ठेवलेलं असेल, तर लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून लिनक्स सुरू करता येतं ती पेन ड्राइव्ह) शोधायची वेळ येऊ शकते. आत शिरता आलं, तर आधी रूट पार्टिशन लिहिण्यायोग्य करून पुन्हा माउंट करायचं, मग एफएसटॅबमधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह टाकून (म्हणजे ती ओळ वगळली जाते) रीस्टार्ट.

हे सगळं टाळणारा शब्द आहे नोफेल. डिफॉल्ट्सपुढे स्वल्पविराम देऊन तो लिहा, मध्ये जागा नको. मग डिस्क असो-नसो, संगणक तिच्यासाठी थांबत नाही. रूटला आणि बूटच्या पार्टिशनांना नोफेल लावू नका. बाकी सगळ्या डेटा डिस्कांना लावावा, असं माझं ठाम मत आहे.

पण नोफेलने दुसरा धोका उघडतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. डिस्क माउंट झाली नाही, तरी फोल्डर तिथेच असतो, रिकामा. रात्री बॅकअपचा प्रोग्राम उठतो, त्याला फोल्डर दिसतो, आणि तो शेकडो जीबी तिथे ओतायला लागतो. ते सगळं जातं मुख्य डिस्कवर. ती भरते, आणि दुसऱ्या दिवशी लॉगिनसुद्धा होत नाही. शिवाय पुढे खरी डिस्क माउंट झाली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात. जागा गेलेली दिसते, फाइली मात्र कुठेच दिसत नाहीत.

उपाय सोपा आहे. पार्टिशन अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएच-ॲटर प्लस आय' चालवा. आता त्या फोल्डरात रूटलाही फाइल बनवता येत नाही. माउंट मात्र नेहमीसारखं होतं, कारण तेव्हा समोर येते ती डिस्कवरची फाइलसिस्टिम. डिस्क नसली तर बॅकअप लगेच चूक दाखवून थांबतो, आणि आपल्याला हवं असतं तेच.

राहिली चाचणी. रीस्टार्ट करण्याआधी ती करायची. एफएसटॅबची प्रत काढून ठेवा. ओळ लिहिल्यावर 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' (सिस्टिमडीला फाइल पुन्हा वाचायला लावायला), मग 'फाइंडएमएनटी' व्हेरिफाय पर्यायासह (ओळी तपासायला), मग 'माउंट डॅश ए' (त्या माउंट करायला). इथे एक खाचखळगा आहे: यूयूआयडीत एक अक्षर चुकलं आणि ओळीत नोफेल असलं, तर माउंट डॅश ए काहीही तक्रार करत नाही. शांतता म्हणजे यश असं धरू नका. 'एलएसबीएलके'मध्ये त्या पार्टिशनसमोर तुमचा फोल्डर दिसतोय का, ते बघा.

आणि मग ती परीक्षा, जी सहसा कुणी घेत नाही. संगणक बंद करून दुसऱ्या डिस्कची केबल काढा. केबल काढण्यासारखी नसेल, तर एफएसटॅबमधल्या यूयूआयडीचं एक अक्षर तेवढ्यापुरतं बदला. संगणक सुरू करा. लॉगिन नेहमीच्या वेळेत यायला हवं, फोल्डर रिकामा दिसायला हवा, आणि त्यात फाइल ठेवायला गेल्यावर परवानगी नाकारली जायला हवी. तिन्ही झालं, की संगणक बंद करून केबल परत लावा किंवा अक्षर पूर्ववत करा, आणि डिस्क खुशाल वापरा.