आज काही नाही

(पहाटेचा अंधार. तलावाचा बांध. लांबून टिटवीचा आवाज.)

सातारा म्हटलं की लोक थेट कासला जातात. जावं की, पठार आहेच तसं, 2012 ला युनेस्कोच्या यादीत गेलं तेव्हापासून तर सप्टेंबरात गाडी लावायला जागा मिळत नाही. आपण मात्र आज उलट्या बाजूला आलोय, पूर्वेला, खटाव तालुक्यात, जिथं पाऊस येतो येतो म्हणतो आणि पुढच्या गावाला निघून जातो. हा मायणीचा तलाव. आणि बांधावरून मफलर गुंडाळून, गळ्यात दुर्बीण आणि काखेत वही घेऊन चाललेत ते गुरुजी. नाव सांगू नका म्हणाले. "माझं कशाला, पक्ष्यांची सांगा."

गुरुजी झेडपीच्या शाळेत होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. वही नोकरीत असतानाच सुरू झालेली, जुन्या हजेरीपटात कोरी पानं उरायची त्यावर, आणि ती सवय अशी लागली की अजूनही ते पक्ष्यांची हजेरीच घेतात. रकाने आखलेले. तारीख, किती वाजता आलो, किती वाजता निघालो, आभाळ कसं, पाणी कुठल्या दगडापर्यंत, मग पक्ष्याचं नाव आणि पुढं आकडा. सगळ्यात शेवटी रकाना 'अडथळा'. त्यात कुत्री, म्हशी, पाण्याची मोटर, वरातीचा डीजे, जे असेल ते.

आम्ही वही चाळायला मागितली. आता खोटं कशाला बोला, आम्ही शोधत होतो रोहित. फ्लेमिंगो हो. गुलाबी थवा, ड्रोन शॉट, खाली म्युझिक, झाला व्हिडिओ. तर रोहित आहेत वहीत, पट्टकादंब पण आहेत, हिमालय ओलांडून येतात ते, पण सगळे मिळून थोड्याच ओळींत. बाकी पानंच्या पानं टिटवी 6, धोबी 3, वेडा राघू 11, साळुंकी, परत टिटवी. आणि अधूनमधून एकच ओळ, "आज काही नाही."

मी विचारलं, गुरुजी, काहीच नव्हतं तर लिहायचं कशाला?

तर म्हणाले, "पोरगं शाळेत आलं नाही तर तुम्ही गैरहजर मांडता का रकाना मोकळा सोडता?"

मी गप्प.

ह्यात गंमत वाटेल पण काम चालतं ते ह्याच्यावरच. ईबर्ड नावाचं ॲप आहे, जगभरातले पक्षीवाले त्यात याद्या भरतात, आणि यादी पाठवताना ते एक प्रश्न विचारतं, तुम्हाला ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? हो म्हटलं की ती पूर्ण यादी झाली. मग त्या यादीत जे नाव नाही, तीही माहितीच झाली. एखाद्या दुर्मिळ पक्ष्याचा कडक फोटो एवढंच सांगतो की हा पठ्ठ्या त्या दिवशी तिथं होता. पण समजा पूर्वी शंभर याद्यांतल्या ऐंशीत दिसणारा पक्षी आता पन्नासातच दिसायला लागला, तर ते फोटोवरून नाही कळत, ते रोज उठून साळुंकी मोजणाऱ्यामुळंच कळतं. गुरुजींची आधीची सगळी नोंद कागदावरच होती, ती नातीनं बसून ॲपमध्ये चढवली, दोन दिवाळीच्या सुट्ट्या गेल्या तिच्या.

2023 मध्ये भारतातल्या पक्ष्यांचा मोठा अहवाल आला, 942 जातींचा आढावा, आणि त्यामागं 30 हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदी. पगारी शास्त्रज्ञ एवढं फिरूच शकत नाहीत हो. त्यात निघालं काय, तर मोर वाढलेत आणि माळरानावरचे बरेच पक्षी कमी होत चाललेत. मोराचं आमच्याकडच्या शेतकऱ्याला अहवाल न वाचता माहिताय, भुईमूग कोण उकरतं ते विचारा त्याला. माळाचं मात्र कुणाला काही वाटत नाही, कारण माळ म्हणजे पडीक, लावा झाडं, काढा फोटो. तिथं धाविक नावाचा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो आणि त्याला झाड नकोच असतं, हे खड्डे खणायच्या आधी कुणी विचारत नाही.

(तलावाच्या कडेचा दगड, त्यावर चुन्याची खूण.)

ह्या खुणेचं तेवढं ऐका, पाणी कुठवर आहे ते गुरुजी असल्या दगडांवरूनच मांडतात. रोहित उथळ पाण्यात उभा राहतो, चोच उलटी घालतो आणि चिखलपाणी गाळून खातो. म्हणजे तलाव तुडुंब भरला की गाव खूष आणि रोहित बेपत्ता. गुरुजींच्या वहीत पाण्याची पातळी आणि रोहितांचा आकडा शेजारी शेजारी आहेत, त्यामुळं पक्षी का गेले म्हणून ओरड झाली की ते नुसती वही उघडतात. वाईट नाही वाटत? "माणसांना पाणी मिळालं की. रोहित काय, येरळवाडीला जाईल, सूर्याचीवाडीला जाईल. त्याला पंख आहेत." 2021 मध्ये मायणीला पक्षी संवर्धन राखीवचा दर्जा मिळाला, ते चांगलंच झालं.

असे लोक सांगलीकडंपण आहेत. भिलवडीच्या बाजूला कृष्णेकाठी एक तरुण, पहाटे डेअरीला दूध घालतो आणि येताना काठावर मगर कुठं ऊन खात पडलीय ते मोबाईलमध्ये टिपतो. थंडीत जास्त दिसतात, उन्हाळ्यात अंडी, पावसाच्या तोंडावर पिल्लं, सगळं तारखेनिशी. पण ग्रुपवर टाकत नाही. "रीलवाले येत्यात दादा, मग दगड मारत्यात." नदीवर मोटर चालू करायला जाणाऱ्यांना मात्र आधी फोन करतो, अमक्या वळणाला आहे, जपून.

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर आपल्याकडं पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. भाषणं होतात, सत्कार होतात. काकू चहा देताना म्हणाल्या, "ह्यांना शाली सात मिळाल्यात. दुर्बीण एकच आहे, तिची पण एक बाजू धुरकट." गुरुजी म्हणाले, "अगं, एक डोळा तसाही मिटूनच बघतो मी." काकूंनी आमच्याकडं बघितलं आणि आणखी अर्धा कप ओतला.

शूटिंग संपलं साडेनऊला. आम्ही ट्रायपॉड आवरत होतो, ते बांधावर बसून रकाने भरत होते. रोहित आला नव्हता. कॅमेरामननं मागून जाऊन वहीचा क्लोजअप घेतला, तोच शेवटी दाखवतोय.

(वहीचं पान. निळी शाई.)

"सकाळी 6.10 ते 9.30. आभाळ स्वच्छ. पाणी तिसऱ्या दगडापर्यंत. धोबी 2. वेडा राघू 7. टिटवी 4, उडून गेल्या. अडथळा: शूटिंगवाले 3."