अनारसा हसला तर

श्रोतेहो, नमस्कार.

परवा कोजागरीचं दूध झालं आणि वसुबारस दहा दिवसांवर आली. फराळाचे डबे घासून उन्हात पालथे पडले असतील, भाजणीची धान्यं धुऊन चादरीवर वाळत असतील. म्हणून आज फराळावरच बोलणार आहे. पण तो करायचा कसा यापेक्षा तो बिघडतो कसा, यावर जास्त.

आपल्या मराठी स्वयंपाकघरात बिघडण्याला फार सुंदर शब्द आहेत. अनारसा हसतो. बेसनाचा लाडू बसतो. चकली विरघळते. पाक पुढे जातो. लहानपणापासून हे शब्द कानावर आहेत, आणि आज इतक्या वर्षांनी कळतं की त्या शब्दांतच निम्मं उत्तर आहे. लाडू बसला म्हटलं की तूप तपासायचं. अनारसा हसला म्हटलं की पीठ तपासायचं. ज्या बायकांनी ही नावं ठेवली, त्यांनी चुलीसमोर बसून नीट पाहिलेलं होतं.

अनारसा हसतो म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडला की क्षणभर तो शहाण्यासारखा तरंगतो. मग मध्ये बारीक चीर पडते, चिरेची फट होते, आणि बघता बघता सगळा अनारसा फुटून चुरा चुरा होत कढईभर पसरतो. खदखदून हसावं तसा.

1996 साली अधिक आषाढ आला होता. अधिक महिन्यात जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायची आपल्याकडे रीत आहे. माझ्या धाकट्या आत्याचं लग्न नुकतंच झालेलं, त्यामुळे वाईला आजीच्या घरी त्या वाणाचं केवढं अप्रूप! आजीनं तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी उपसून पंचावर पसरले. बाहेर पाऊस असा की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत नव्हतं. त्या हवेत तांदूळ सुकतात कुठले? शेवटी वेळ जाईल म्हणून तसेच कुटले, चाळले, गूळ घालून गोळा बांधून ठेवला.

वाणाच्या दिवशी सकाळी कढई चढली. आतोबा बाहेर ओटीवर आजोबांशी अगदी अदबीनं बोलत बसले होते. आजीनं पहिला अनारसा सोडला. तो हसला. दुसरा सोडला, तोही हसला. आत्या हळूच म्हणाली, "आई, हा पण हसला गं." आणि तिसरा फुटल्यावर आजीच हसायला लागली. मग आई, काकू, शेजारच्या वैनी, सगळ्याच. ते हसणं ओटीवर ऐकू गेलं. आतोबा उठून दारापाशी आले आणि म्हणाले, "काय झालं?" माझा सहा वर्षांचा भाऊ शेगडीजवळ बसला होता. तो म्हणाला, "आतोबा, तुमचे अनारसे हसतायत!" आतोबांना हा शब्द माहीतच नव्हता. ते गंभीरपणे म्हणाले, "कुणाला?"

त्या दिवशी पुढे जे झालं ते मला फराळाचं सगळ्यात मोठं शिक्षण वाटतं. आजीनं गॅस बंद केला आणि फडताळातून एक लहान वाटी काढली. त्यात त्याच तांदळाचं, गूळ न घातलेलं कोरडं पीठ होतं. तिनं ते बाजूला काढून ठेवलेलंच होतं. त्यातलं दोन चमचे गोळ्यात मळलं, तासभर झाकून ठेवलं, एक अनारसा तळून पाहिला. जरा हसला. आणखी एक चमचा. पुन्हा एक तळला. या वेळी अंगभर जाळी पडली आणि अनारसा अखंड राहिला. दिवेलागणीला 33 मोजून ताटात मांडले. वर दिवा ठेवला.

आता यातलं कारण बघा. अनारशाला तांदळाचं पीठ धरून ठेवतं आणि गूळ सोडवतो. तूप तापलं की गूळ वितळतो, वाफ बाहेर पडते, पिठाला छिद्रं पडतात, तीच जाळी. गूळ जास्त झाला किंवा पीठ ओलं राहून गोळा सैल झाला, की धरून ठेवायला काही उरत नाही. जाळी पडणं आणि हसणं यांत चमचाभर पिठाचं अंतर आहे. म्हणून गूळ पिठाच्या वजनाइतका, खरं तर थोडा कमीच घ्यावा. अर्धा किलो पिठाला 400 ते 450 ग्रॅम, पुन्हा सांगते, 400 ते 450 ग्रॅम. तांदूळ जुना घ्यावा. तांदूळ सावलीत वाळवून मुठीत धरून पाहावा, हाताला गार लागला पाहिजे पण ओला लागता कामा नये. आणि तुपात सोडताना खसखशीची बाजू वर. तो उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं.

याउलट अनारसा टणक झाला, जाळीच पडली नाही, तर पिकल्या केळ्याचा इवलासा तुकडा मळून घ्या. पण फक्त त्या वेळी तळायचा आहे तेवढ्याच गोळ्यात. केळं घातलेला गोळा टिकत नाही. आणि हसलेल्यांचा चुरा टाकू नका हो. तूप निथळून गरम दुधात घालून खा. आम्ही मुलं आजीच्या घरी एखादा तरी हसावा म्हणून देवाजवळ मागायचो.

दुसरी गोष्ट माझ्या सासरची. चकल्यांचा दिवस. मी भाजणीची उकड काढली होती आणि ती थोडी सैल वाटत होती. तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली, म्हणून मी धाकट्या भावजींना म्हटलं, "भावजी, त्या डब्यातली थोडी तांदळाची पिठी घालून मळता का?" ते बिचारे उत्साहानं बसले. पाच मिनिटांनी हाक आली, "वहिनी, पीठ आणखी सैल झालं!" मी जिन्यातूनच म्हटलं, "मग आणखी थोडी घाला." पुन्हा हाक, "वहिनी, आता तर हाताला चिकटतंय!" सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "अरे, घाल की सढळ हातानं." त्यांनी घातली. मी वर येऊन पाहते तर परातीत लापशी, आणि भावजींचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले. मी डब्यात बोट घालून चाटलं. पिठीसाखर!

त्या दोन डब्यांत फरक काहीच नव्हता. तीच उंची, तीच झाकणं, आत तेच पांढरंशुभ्र. पण पिठी पाणी शोषते आणि साखरेला पाणी सुटतं. म्हणून भावजी जितकं घट्ट करायला जात होते तितकं ते सैल होत होतं. आम्ही उत्सुकतेपोटी एक चकली पाडून तेलात सोडली. ती दोन मिनिटांत काळसर झाली आणि तुकड्यातुकड्यांत सुटली. वाईच्या कढईत जे झालं होतं तेच! तिथे गूळ, इथे साखर. बाकीच्या पिठात कांदा, कोथिंबीर आणि कणीक घालून मंद आचेवर थालीपिठं लावली. गोडसर, तिखटसर, कडेनं खरपूस. लोण्याबरोबर सगळ्यांनी खाल्ली आणि भावजींनी चार. त्या दिवसापासून आमच्याकडे डब्यांना चिठ्ठ्या आहेत. झाकणाला लावू नका, झाकणं बदलली जातात. डब्याच्या अंगाला लावा.

चकलीचं आणखी एक. दुसऱ्या दिवशी मऊ पडते ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि दोष दरवेळी भाजणीला दिला जातो. बहुतेक वेळा दोष आचेचा असतो. तेल फार तापलं की चकली बाहेरून चटकन लाल होते आणि आतला ओलावा आतच राहतो. चकलीभोवतीचे बुडबुडे म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येतंय. रंगाकडे पाहू नका, बुडबुड्यांकडे पाहा. ते जवळजवळ थांबले की मगच काढा. कढईत सुटायला लागली तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं गरम तेल, जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मळून घ्या.

लाडूंचं थोडक्यात सांगते. बेसन भाजून उतरवल्यावर पिठीसाखर लगेच घालू नका, हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप लवकर थिजत नाही, म्हणून वळलेले लाडू ताटात बसतात. बसले तर बसू द्या. ताट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा वळा. रव्याच्या लाडवाचा पाक पुढे जाऊन मिश्रण दगड झालं असेल तर गरम दुधाचा हबका मारून, झाकून ठेवून मग वळा. फक्त ते दोन-तीन दिवसांत संपवा.

हसण्यावारी न्यायची नाही अशी एक गोष्ट मात्र आहे, ती तेलाची. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला तर तो तळाशी जातो आणि क्षणात वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की ती 1,600 पटींहून जास्त जागा घेते, आणि वरचं तेल उसळून अंगावर येतं. म्हणून ओला झारा कढईत घालू नका. तेलानं पेट घेतलाच तर पाणी अजिबात ओतायचं नाही. गॅस बंद, कढईवर झाकण, आणि कढई हलवायची नाही. तळायला बसताना ते झाकण शेजारी घेऊनच बसा. हात भाजला तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. टूथपेस्ट नको, बर्फ नको, हळद नको. आणि लहान मुलांना त्या वेळी ओट्यापासून लांब कुठेतरी काम द्या, खसखस निवडायला द्या, चकल्या मोजायला द्या.

गेल्या काही वर्षांत मला भेटणाऱ्या कितीतरी मुली आणि मुलगेही सांगतात, एकदा करून पाहिलं, बिघडलं, आता आम्ही विकतच आणतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. विकत आणण्यात गैर काही नाही, पण पहिल्याच बिघाडावर तुम्ही थांबलात याचं वाईट वाटतं. तुमच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच झालं. सगळा घाणा एकदम सोडू नका. आधी एकच सोडा, तो काय सांगतो ते पाहा, आणि मग उरलेल्या पिठाला हात लावा.

मी आज सकाळी अर्धा किलो तांदूळ भिजत घातलेत. उद्या पाणी बदलायचं, परवा बदलायचं, तेरवा उपसून सावलीत पसरायचे. दळून, गूळ घालून गोळा चार-पाच दिवस मुरला की बरोबर वसुबारसेच्या सुमाराला कढई चढते. तुम्ही आज रात्री घातलेत तरी धनत्रयोदशी गाठता येईल. फक्त गूळ घालायच्या आधी वाटीभर पीठ बाजूला काढून ठेवा.

नमस्कार.